श्वेतकपिलेत जर्सी किती?

सत्तरी-सांग्याच्या गोठ्यात पांढरी गाय दिसली की ‘गावठी’ म्हणून आपण मोकळे होतो. पण रंग हा मोजक्या जनुकांचा खेळ. बाकीच्या हजारोंबद्दल तो गप्प असतो. श्वेतकपिला ही गोव्याची नोंदणीकृत जात, तेव्हा हिशेब जनुकांनीच करावा.

बीटा-केसीन हे दुधातलं प्रथिन घ्या. त्यात ६७व्या जागी प्रोलीन हे अमिनो आम्ल असेल तर त्याच्या जनुकाचं ए२ अलील (म्हणजे रूप), हिस्टिडीन असेल तर ए१. समजा, ए२ची वारंवारता गावठी गायींत ०.९ आणि जर्सीशी संकर झालेल्या संकरितांत ०.३ आहे. दोन्हींतल्या ५०-५० गायी एकाच तक्त्यात घातल्या तर सरासरी ०.६ येते आणि हार्डी-वाइनबर्गप्रमाणे (मुक्त प्रजननात कुठली जोडी किती दिसावी ते सांगणारा नियम) ४८ विषमयुग्मी, म्हणजे ए१ आणि ए२ दोन्ही असलेल्या, हव्यात. सापडतात ३० : गावठींतल्या ९, संकरितांतल्या २१. लगेच ‘अंतःप्रजनन’ (जवळच्या नात्यातलं प्रजनन) असा शेरा मारला जातो. तो चुकीचा. दोन वेगळे गट एकत्र मोजल्याची ही तूट, म्हणजे वालुंड परिणाम. ती बहुतेक मार्करांवर (डीएनएतल्या तपासायच्या जागांवर) थोडीफार दिसते. एकाच मार्करवर दिसली तर आधी प्रयोगशाळेत न उमटलेल्या अलीलचा संशय घ्यावा.

आता याच गावठी गायींना ०.३ वारंवारतेच्या वळूंचं रेतन केलं, तर १०० वासरांत ६६ विषमयुग्मी. तूट नाही, उलट चढ! ही वासरं पुढे आपापसांत फळली की एका पिढीत आकडा ४८वर येतो आणि या एका जनुकावरून संकराचा माग लागत नाही. म्हणून अनेक मार्कर लागतात : वेगवेगळ्या गुणसूत्रांवरच्या अलीलांची सांगड दर पिढीला निम्मीच सुटते, त्यामुळे संकराची खूण काही पिढ्या टिकते.

हमखास चुकणारी गोष्ट अशी की १०० पैकी २० वासरं रेतनाची असली तरी बाहेरची जनुकं २० टक्के नसतात, १० टक्के असतात; त्या वासरांचीही आई गावठीच. दर पिढीला एवढी भर पडत राहिली तर ०.९ची वारंवारता पाच पिढ्यांत ०.६५वर येते.

मायटोकाँड्रियाच्या (पेशीतल्या ऊर्जाकेंद्राच्या) डीएनएवर तर मुळीच विसंबू नका. तो आईकडूनच येतो. चार पिढ्या लागोपाठ जर्सीचं रेतन केलं तर वासरू सोळापैकी पंधरा आणे जर्सी, मायटोकाँड्रिया मात्र गावठीच.

नमुने एका वाड्यावरून दोन-तीनच घ्यावेत, बहिणी-मायलेकी टाळून. रक्त ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या) नळीत. केस घेणार असाल तर शेपटीच्या गोंड्यातले मुळासकट उपटा, कात्री लावू नका : कापलेल्या केसात केंद्रकातला डीएनए नावापुरता असतो, हाती लागतो तो बहुतेक मायटोकाँड्रियाचाच.