आमची वाटचाल: जुनी जर्मन सेडान, रोजचं ऑफिस आणि नागपूरचं ऊन

सुरुवातीला आमच्या वर्कशॉपमध्ये सगळ्याच गाड्या यायच्या. पुढे काम एका प्रकारच्या गाड्यांकडे वळत गेलं: दहा ते पंधरा वर्षं जुनी मर्सिडीज ई-क्लास आणि सी-क्लास, बीएमडब्ल्यूची ५ सिरीज, ऑडीच्या ए४ आणि ए६. या गाड्या आज नव्या हॅचबॅकच्या किमतीत मिळतात. घेणाऱ्याला त्या रविवारी फिरवायला नको असतात. सकाळी निघून नागपूरभोवतीची मिहान, बुटीबोरी किंवा हिंगणा एमआयडीसी गाठायची असते आणि संध्याकाळी त्याच गाडीने घरी यायचं असतं.

हे जमतं. पण त्यासाठी सर्व्हिसचा हिशेब किलोमीटरवर न ठेवता वयावर ठेवावा लागतो. ‘गाडी फक्त पन्नास हजार चाललीय’ हे ऐकून गिऱ्हाईक खूश होतं, आम्ही नाही. मे महिन्यात इथला पारा ४५ च्या वर जातो आणि गाडी बंद केल्यावर बॉनेटखालची उष्णता आणखी वाढते. उभ्या गाडीचंही रबर कडक होतं, प्लास्टिक ठिसूळ होतं.

म्हणून नव्याने आलेल्या प्रत्येक गाडीचं पहिलं काम कूलिंग सिस्टीमचं. इंजिन पूर्ण थंड असताना कूलंटच्या टाकीत, तिच्या झाकणावर छापलेल्या दाबाइतकी हवा भरायची (बऱ्याच मर्सिडीजमध्ये १.४ बार) आणि पंधरा मिनिटं दाबाच्या मीटरचा काटा बघायचा. काटा उतरला की गळती शोधायची. ती बहुतेक ठरलेल्या जागीच सापडते: पिवळ्या पडलेल्या एक्स्पान्शन टँकचा (कूलंटच्या टाकीचा) जोड, थर्मोस्टॅटचं प्लास्टिक हाउसिंग, होसच्या टोकाची ओ-रिंग (रबरी कडी). वाळलेल्या कूलंटचा पांढरट थर दिसला की तो भाग बदलायचा, एम-सील लावायचं नाही. कूलंट कंपनीने सांगितलेलंच घ्यावं, डिस्टिल्ड वॉटरसोबत निम्मं-निम्मं. ‘आपल्याकडे बर्फ थोडाच पडतो’ म्हणून नुसतं बोअरचं पाणी भरलेल्या गाड्या येतात, त्यांच्या रेडिएटरच्या बारीक नळ्यांत क्षार बसलेले असतात. कूलंट पाण्याचा उकळबिंदू वाढवतं आणि आतलं अ‍ॅल्युमिनियम गंजू देत नाही. इथल्या उन्हाळ्यात त्याची गरज त्यासाठीच आहे.

एसीचंही तेच. गार हवा कमी झाली की लोक आधी गॅस भरून घेतात. आम्ही आधी कंडेन्सर (एसीची रेडिएटरपुढची जाळी) आणि रेडिएटरमधली फट बघतो. तिथे धूळ, पानं, किडे यांचा नमद्यासारखा थर बसलेला असतो. वरचं कव्हर आणि फॅन काढून, इंजिनकडून बाहेरच्या बाजूला, साध्या पाइपच्या हलक्या पाण्याने ते धुवायचं. प्रेशर वॉशर मारला तर पात्या वाकतात.

आमचा सर्वांत जास्त वाद होतो तो गिअरबॉक्सवरून. ‘लाइफटाइम ऑइल आहे, हात लावू नका,’ असं बहुतेकांना सांगितलेलं असतं. बीएमडब्ल्यूचा ६-स्पीड ऑटोमॅटिक बनवणारी झेडएफ कंपनी स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षांनी ऑइल बदलायला सांगते. या गिअरबॉक्समध्ये फिल्टर प्लास्टिकच्या पॅनमध्येच असतो, त्यामुळे अख्खा पॅन बदलतो. पॅन उतरवलाच आहे तर मेकाट्रॉनिकच्या (गिअरबॉक्सच्या आतल्या कंट्रोल युनिटच्या) कनेक्टरची स्लीव्हही बदलून घ्यावी, ती पुढे गळतेच. लेव्हल तपासताना इंजिन चालू, गाडी सपाट आणि ऑइलचं तापमान स्कॅनरवर ३० ते ५० अंशांच्या मध्ये हवं. उन्हाळ्याच्या दुपारी हे तापमान बघता बघता निघून जातं, म्हणून हे काम आम्ही सकाळी पहिलंच घेतो. गरम ऑइलवर लेव्हल धरली तर ते कमी भरलं जातं आणि ‘डी’ टाकल्यावर गाडी क्षणभर थांबून झटका देते. जुन्या मर्सिडीजच्या ५-स्पीडमध्ये दुखणं वेगळं: तेरा पिनांच्या कनेक्टरच्या ओ-रिंग कडक होतात आणि ऑइल वायरिंगमधून चढत थेट गिअरबॉक्सच्या कंट्रोल युनिटपर्यंत पोचतं. तो कनेक्टर स्वस्त आहे, युनिट नाही.

सस्पेन्शनमध्ये ई६० बीएमडब्ल्यू (५ सिरीजची जुनी पिढी) हे ठळक उदाहरण. ताशी ८० वर ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं. व्हील बॅलन्सिंग होतं, अलाइनमेंट होतं, डिस्कही बदलून होतात, थरथर राहतेच. बऱ्याचदा दोष पुढच्या आर्मच्या (चाकाला धरणाऱ्या दांड्याच्या) द्रव भरलेल्या बुशमध्ये, म्हणजे रबरी सांध्यात असतो. बुश फाटून आतला द्रव गळाला की आर्मवर तेलकट ओघळ दिसतो. नवा आर्म बसवताना एक गोष्ट कुठेही चुकवू देऊ नका: बुशचा बोल्ट शेवटचा आवळताना गाडीचं वजन चाकांवर हवं. लिफ्टवर चाकं लोंबकळत असताना आवळला तर गाडी खाली आल्यावर रबर पिळलेलंच राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. मग ‘डुप्लिकेट पार्ट लावला’ असा आरोप होतो, पार्ट अस्सल असतो.

एअर सस्पेन्शनवाली (स्प्रिंगऐवजी हवेवर तोललेली) ई-क्लास रात्रभरात एका कोपऱ्यात बसत असेल तर दुसऱ्याच दिवशी आणा. गळती भरून काढायला कॉम्प्रेसर सतत चालतो आणि जळतो. नवा कॉम्प्रेसर बसवताना त्याचा रिलेही (त्याला वीज देणारा स्विच) नवा घाला.

डॅशबोर्डवर एकदम चार-पाच दिवे लागले तर आधी बॅटरी तपासावी. आराम दिलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. गाडी लॉक करून सगळे मॉड्यूल (गाडीतले छोटे कंप्युटर) झोपल्यावर करंट ५० मिलिअँपिअरच्या आत यायला हवा. बीएमडब्ल्यूत नवी बॅटरी स्कॅनरने नोंदवावी लागते. नाही नोंदवली तर चार्जिंग जुन्या बॅटरीच्या हिशेबानेच होत राहतं.

इंजिन ऑइल आम्ही आठ ते दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यात जे आधी येईल तेव्हा बदलतो, डिस्प्ले काहीही म्हणो.

जूनच्या पहिल्या आठवड्यात सनरूफचे आणि पुढच्या काचेखालचे ड्रेन (पाणी वाहून जाण्याच्या वाटा) साफ झालेच पाहिजेत. कडुलिंबाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत बारीक पानं तिथे कुजतात, पाणी आत वळतं आणि कार्पेटखालची वायरिंग भिजते. सनरूफच्या कोपऱ्यात हळूहळू पाणी ओतून ते खाली चाकाजवळ पडतं का बघायचं. कॉम्प्रेसरची जोराची हवा मारू नये, आतल्या आत नळी निसटते.

२३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीला पूर आला आणि शहरातल्या कितीतरी गाड्या पाण्यात गेल्या. तेव्हापासून खरेदीपूर्व तपासणीत आम्ही पुराची तपासणी कायमची धरली. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर गाळाची रेघ आहे का, स्टेपनीच्या खळग्यात बारीक माती आहे का, कार्पेट उचलून कनेक्टरच्या पिना हिरव्या पडल्यात का, हे बघतो. पिना हिरव्या निघाल्या तर ती गाडी घेऊ नका, असं स्पष्ट सांगतो, किंमत कितीही पाडून मिळत असली तरी. तपासणीसाठी गाडी आदल्या संध्याकाळी आणून ठेवा. थंड इंजिनच्या पहिल्या स्टार्टलाच टायमिंग चेनची (इंजिनचे व्हॉल्व्ह वेळेवर चालवणाऱ्या साखळीची) खडखड ऐकू येते, दहा मिनिटं चालवून आणलेल्या गाडीत ती लपते.