ड्रम लीफचं नमुना-पुस्तक गेलं, चोर सापडला, आणि आता प्लॅनच बदलतोय

मागच्या अपडेटमध्ये ज्या ड्रम लीफचे (शिवण न घालता घडीची पानं चिकटवून केलेल्या पुस्तकाचे) फोटो टाकून मी मिरवत होते ना, ते पुस्तक कामातून गेलंय मंडळी. वर्कशॉपला येणाऱ्यांना "हे असं आपण दोन दिवसांत करणार" म्हणून दाखवायला केलेलं तेच, नेच्याच्या सायनोटाइप फोटोग्रामचं, म्हणजे रसायन लावलेल्या कागदावर नेच्याची पानं ठेवून उजेडात काढलेल्या निळ्या प्रिंट्सचं. प्रेसमधून काढलं तेव्हा एक नंबर दिसत होतं, निळा असा गडद की बघत राहावं. मग पाऊस लागला, पुस्तक कपाटात होतं, आणि परवा कुणाला तरी दाखवायला काढलं तर प्रत्येक पानाच्या बाहेरच्या कडेला बोटभर रुंदीचा फिकट पिवळट पट्टा. मधल्या घडीपाशी तसाच अजून एक, जरा बारीक. मधला सगळा भाग ठणठणीत. म्हणजे नेच्याची पानं मध्ये आहेत आणि टोकाकडे जाता जाता पार्श्वभूमीच गायब.

ड्रम लीफ केलेल्यांच्या लगेच लक्षात येईल की हे पट्टे बरोबर जिथे खळ लागते तिथेच आहेत. पानं एकाच बाजूला छापलेली, घडी घालून पाठीला पाठ, आणि चिकटवायचं फक्त कडेला आणि घडीपाशी. त्यामुळे पहिला संशय खळीवर, हे ओघानंच आलं. अप्पा बळवंत चौकाजवळच्या ज्या बाइंडर काकांकडून मी पुठ्ठा आणते त्यांना फोटो दाखवला तर ते उलट माझ्यावरच, "ताई, खळीला कशाला दोष देता, आम्ही जन्मभर तीच लावतोय." मी म्हटलं, तुमच्या खळीत मोरचूद असतो, माझ्या नसतो. ते म्हणाले, "मग किडे खातील, पिवळं नाही पडणार." मुद्दा बरोबर होता.

आता इथून पुढे जरा लांबण लागणार आहे पण लागू दे, कारण हे मला कुठेही सलग लिहिलेलं सापडलं नव्हतं.

पहिला प्रश्न, हा निळा नक्की गेलाय कसा. सायनोटाइप दोन तऱ्हांनी फिका पडतो आणि दोन्हींचा इलाज वेगळा. एक म्हणजे उजेडानं. तेव्हा प्रशियन ब्लूचं, म्हणजे सायनोटाइपच्या निळ्या रंगाचं, रूपांतर रंगहीन प्रशियन व्हाइटमध्ये होतं आणि प्रिंट मोकळ्या हवेत अंधारात ठेवला की निळा परत येतो, घाई असेल तर हायड्रोजन पेरॉक्साइडचे दोन थेंब पाण्यात टाकून फिरवायचं. दुसरी तऱ्हा म्हणजे अल्कली. तिथे रंग नुसता झोपत नाही, मोडतो, मागे लोखंडाचा पिवळट गंज राहतो. आपण चहाचं टोनिंग (चहात बुडवून प्रिंटचा रंग बदलणं) करायच्या आधी धुण्याच्या सोड्यात प्रिंट ब्लीच करतो ना, तेच हे.

तर पट्ट्यावर आधी पेरॉक्साइड. काही नाही. ढिम्म. मग कापसाच्या बोळ्यानं व्हिनेगर लावलं आणि बघता बघता पिवळ्या जागी निळसर छटा उमटायला लागली! पहिल्यासारखी नाही, मळकी, पण उमटली. म्हणजे केस क्लिअर, अल्कली. आणि रंगाचे दोन्ही घटक अजून तिथेच कागदात होते, धुऊन गेले नव्हते, म्हणून आम्ल मिळताच परत जुळले. खरं सांगते, पुस्तक वाया गेल्याचं दुःख त्या क्षणी अर्धं झालं.

पण अल्कली आली कुठून? आमच्या सोसायटीचं बोअरचं पाणी जड आहे हे इथे सगळ्यांना पाठ झालंय, पण पाण्याची करणी असती तर अख्खं पान गेलं असतं, नुसत्या कडा नाही, शिवाय पहिल्या धुण्यात मी नेहमीसारखं चिमूटभर लिंबूसत्व टाकते. खळीला पीएच पट्टी लावली तर साधारण 6, म्हणजे किंचित आम्लच. कडेला खळीत थोडा पीव्हीए (पांढरा फेव्हिकॉलसारखा डिंक) मिसळला होता, तो न्यूट्रल निघाला. पुठ्ठा या पानांना टेकतच नाही.

मग वाया गेलेल्या प्रिंट्सचे तुकडे कापले आणि जोड्या लावल्या. एका तुकड्याला मागून नुसती खळ. एकाला खळ आणि तो मधला कागद. एकाला खळ नाहीच, नुसतं पाणी आणि मधला कागद. एक कोराच, मधल्या कागदाला कोरडा टेकवलेला. मधला कागद म्हणजे काय ते सांगते, आमचा प्रिंटचा हातकागद पातळ, त्यामुळे पुस्तक लुळं पडत होतं, म्हणून दोन पानांच्या पाठींमध्ये मी एक जाड कार्ट्रिज पेपर घातला होता. सगळं प्लास्टिकमध्ये गुंडाळून पाट्याखाली ठेवलं.

सकाळी उघडलं तर नुसती खळ लावलेला तुकडा जसाच्या तसा. कोरडा तुकडाही ठीक. खळ अधिक मधला कागद पिवळा. आणि पाणी अधिक मधला कागद, ज्यात खळीचा कण नाही, तो सगळ्यात जास्त पिवळा. काका जिंकले.

मग त्या मधल्या कागदाचा तुकडा बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्यात भिजवून पट्टी लावली, 8 च्या वर. तुकड्यावर व्हिनेगरचा थेंब टाकून लूपखाली (छोट्या भिंगाखाली) बघितलं तर बारीक बुडबुडे. चुनखडी! कॅल्शियम कार्बोनेट, मुद्दाम घातलेलं. आणि गंमत अशी की हा साधा कागद नव्हे, चांगला महागाचा, ज्यावर 'अ‍ॅसिड-फ्री, आर्काइव्हल' असं लिहिलेलं असतं आणि विकणारा "शंभर वर्षं काही होणार नाही मॅडम" असं छातीठोक सांगतो तो. खोटं नाही बोलत तो. बाकी बहुतेक कागदपत्रांसाठी हा बफर, म्हणजे ही चुनखडी, वरदान आहे, हवेतलं आणि कागदातलं आम्ल तो गिळतो. सायनोटाइपला मात्र तोच मारक. संग्रहालयांत सायनोटाइप ठेवायला म्हणूनच अनबफर्ड कागद वापरतात. 'अ‍ॅसिड-फ्री' हे दोन्हीवर लिहिलेलं असतं, बफर्ड की अनबफर्ड हे मात्र विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही, आणि विचारलं तर दुकानात कुणाला माहीत नसतं. तेव्हा लेबलावर विश्वास नको, व्हिनेगरचा थेंब आणि लूप.

उन्हाळ्यात केलेली पुस्तकं मग कशी टिकली, त्यातही हाच मधला कागद आहे, हा प्रश्न मलाही पडला. उत्तर ओलाव्यात आहे. एप्रिलमध्ये खळ तासा-दोन तासांत खडखडीत वाळते, चुनखडीला हलायला ओल मिळतच नाही. आषाढात तेच पुस्तक प्रेसमध्ये दुसऱ्या दिवशीही दमट, आणि कपाटातसुद्धा हवा ओलीच. हातकागद पातळ, त्यामुळे ओलाव्याबरोबर अल्कली पाठीकडून पुढे यायला वेळ लागत नाही. उन्हाळ्यातल्या पुस्तकांवर लक्ष ठेवून आहे, अजून तरी धड आहेत.

तर इथून पुढे कुठलाही कागद, दोरा, कापड, सरस, काहीही सायनोटाइपला टेकणार असेल तर आधी ही रात्रभराची ओली चाचणी. छापलेला तुकडा, वर ती वस्तू, पाण्याचा शिडकावा, प्लास्टिक, वजन. हातकागदाचीही करा, कारण सगळेच हातकागद बिनचुनखडीचे नसतात, लॉट बदलला की बदलतं. शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतून (के. बी. जोशींनी 1940 साली गांधीजींच्या प्रेरणेनं सुरू केलेली ती) आणलेला सुती चिंध्यांचा माझ्याकडचा गठ्ठा या चाचणीत पास झाला, आणि त्याला ठळक ग्रेन (तंतूंची एकच दिशा) नाही हा बाइंडिंगवाल्यांसाठी वेगळाच बोनस, घडी कुठूनही घाला. नापास कागद वाचवायचा असेल तर सल्फॅमिक अ‍ॅसिडच्या पातळ पाण्यात बुडबुडे थांबेपर्यंत ठेवायचा आणि मग खळखळून धुवायचा. करता येतं, पण वीस जणांच्या वर्कशॉपसाठी कोण करत बसणार.

बाकीच्या बातम्या पटकन. एफएसीच्या (फेरिक अमोनियम सायट्रेट, कोटिंगमधलं एक रसायन) पावडरीचा पावसात पाक झालाय. सरळ सगळ्याचंच सोल्यूशन करून टाकलं, 25 ग्रॅमला 100 मिली, फेरी (पोटॅशियम फेरिसायनाइड, कोटिंगमधलं दुसरं रसायन) नेहमीप्रमाणे 10 ला 100, आणि समसमान. एफएसीच्या बाटलीत बुरशीची साय धरली होती, ती कॉफी फिल्टरमधून गाळली, थायमॉलचे दोन खडे टाकले, आता बरी आहे. पत्र्याची पट्टी असलेले ब्रश मी आता कायमचे बाद केलेत, ती गंजते आणि कोटिंगमध्ये निळे ठिपके येतात. लाकडी हाके ब्रश घ्या नाहीतर सरळ काचेची कांडी. आणि यूव्ही बॉक्स, उन्हाऐवजी वापरायची अतिनील ट्यूबची पेटी! तपकीर गल्लीतून चोक-होल्डर आणून शेवटी जोडला, ढगांची कटकट संपली, 14 मिनिटांत स्टेप वेजवर (गडद ते फिकट छटांच्या चाचणी-पट्टीवर) अशी उतरण मिळतेय की उन्हात मला कधी मिळाली नव्हती. उन्हाची मजा वेगळी वगैरे ठीक आहे हो, पण जुलैत पुण्यात ऊन असतं कुठे.

आता पुस्तकाचं. हे लिहायला घेतलं तेव्हा ठरलं होतं की मधला कागद बदलायचा, त्याच हातकागदाचा दुहेरी घालायचा, ड्रम लीफ तसंच ठेवायचं. पण वरची चाचणी टाइप करता करता वाटायला लागलं की पावसाळ्यात नवख्या माणसांच्या हातात ओली खळ द्यायचीच कशाला? कॉप्टिक म्हणजे नुसत्या दोऱ्यानं शिवायच्या बांधणीला खळ नाही, पण केटल स्टिच, तिची टोकाची गाठ, शिकवण्यात अर्धा दिवस जातो आणि तेवढ्यात कुणाचा तरी दोरा तुटतो.

पोथी! सुटी आडवी पानं, वर-खाली दोन फळ्या, कापडात बांधलेली. शिवण नाही, खळ नाही, एकाच बाजूला छापलेलं पान तसंच्या तसं चालतं, एखादं बिघडलं तर काढून दुसरं घालता येतं. पेशवे दप्तरातले मोडी कागद आजही रुमालात बांधलेलेच असतात, म्हणजे दमट हवेतला हा जुनाच बंदोबस्त आहे. शिवाय आपल्या सायनोटाइपच्या धंद्याच्या आद्य बाईंनी, अ‍ॅना अ‍ॅटकिन्सनी, काय वेगळं केलं होतं? हर्शेलनं 1842 मध्ये सायनोटाइप शोधला आणि पुढच्याच वर्षापासून 1853 पर्यंत त्या समुद्री शेवाळांची पानं सुट्या भागांतच वाटत होत्या, बांधून घ्यायचं ज्याचं त्यानं. वनस्पतींची नावंसुद्धा स्वतःच्या अक्षरात लिहून सायनोटाइपमध्येच छापलेली. हे पण उचलणार, देवनागरीत, ट्रेसिंगवर काळ्या शाईनं लिहून.

आणि विषय? वर्कशॉप गणपतीच्या आधीच्या शनिवार-रविवारी आहे, तेव्हा पत्री. एकवीस पत्री, एकवीस पानं. माका, आघाडा, दुर्वा, शमी, डोरली, हादगा, मरवा, बाजारात ती जुडी मिळेलच पण त्यात निम्मी पानं भलतीच असतात, म्हणून ओळखून गोळा करायचं कामही वर्कशॉपमध्येच. देवदार पुण्यात कुठून आणायचा ते बघते. रुईचा चीक काचेला आणि कोटिंगला लागतो, ती दोन दिवस रद्दीत दाबून घ्यावी लागणार, आणि धोतरा हाताळल्यावर हात धुवा हे ओरडून सांगावं लागणार. ओली पानं घेतली तर कडा पसरतात, काहींना तो वेट सायनोटाइपचा इफेक्ट आवडतो, पण पोथीत मला रेघ स्वच्छ हवीय.

पालकांचा एक प्रश्न दर वेळी येतो म्हणून इथेच, नावात सायन आहे म्हणून घाबरायचं कारण नाही, फेरी सौम्य आहे, फक्त तीव्र आम्लात टाकायची नाही आणि तापवायची नाही. लिंबूसत्वाच्या चिमटीनं काही होत नाही. गम प्रिंट या दुसऱ्या छपाईला लागणारं डायक्रोमेट, ते विषारी रसायन, मात्र मी मुलांच्या वर्कशॉपमध्ये आणणार नाही, तो प्रिंट कितीही सुंदर असो, कुणी आग्रह करू नका.

फळ्यांसाठी पाच मिमीचा प्लाय पुरेल, पण तो पानाला टेकणार, म्हणजे त्याचीही ओली चाचणी. आणि रुमाल. पोथीला लाल कापड हवं असं डोळ्यांसमोर आहे, पण स्वस्तातलं लाल कापड पावसात रंग सोडणार आणि रंग जावा म्हणून सोड्यात धुतलं तर तीच अल्कली परत पोथीत. सध्या लाल मांजरपाट लिंबूसत्वाच्या पाण्यात भिजत घातलाय, पाणी अजून गुलाबीच येतंय. पक्क्या रंगाचं सुती लाल कापड कुणी वापरलं असेल तर दुकान सांगा, नाहीतर कोरंच मांजरपाट घेऊन त्यावरही सायनोटाइप करते, खरं म्हणजे तेच जास्त बरं दिसेल.