कोपऱ्याचं कपाट: पॉलिशवर साय, आणि शिव्या दुकानदाराला

‘आता फक्त रंग-पॉलिश, आठवड्यात फोटो टाकतो’ असं मी घरीच करत असलेल्या या सागवानी कपाटाबद्दल मागच्या वेळी लिहून बसलोय. ते शब्द मागे घेतो.

आधी बरी बातमी. सांगाडा कोपऱ्यात बसला. एका भिंतीवर 3 फूट, दुसरीवर 4 फूट खूण केली तर कर्ण 5 फूट यायला पाहिजे. आमचा आला 5 फूट 1 इंच. म्हणजे कोन 92 अंशांचा. कपाटाच्या 2 फुटांच्या बाजूवर भिंतीशी पडणारी फट पाऊण इंचाच्या वर जाते, आत पालीचा संसार आरामात मावला असता. शेवटी सागवानाचीच पाचरीसारखी पट्टी तासून लावली. आता पोस्टकार्डही सरकत नाही. दिवसातून दोनदा सरकवून बघतो, एवढी चैन चालते.

तर पॉलिश. शनिवारी दाराला स्पिरिटचा अक्रोडी स्टेन (लाकडात मुरणारा रंग), रविवारी सकाळी लाखेचा पहिला हात. लिटरभर स्पिरिटला पाव किलो चपडा (लाखेच्या पातळ चकत्या), रात्रभर भिजवून मलमलीतून गाळलेला. कापडाचा बोळा लोण्यावरून फिरावा तसा फिरला. चहा पिऊन आलो तर दारावर साय! बोटानं पुसली, हलेना. दुपारपर्यंत सांगाडा तांबडा, दार आणि फळ्या पांढऱ्या. हे दोन रंग कोल्हापुरात वाटीतच शोभतात.

पहिला संशय स्पिरिटवर. यावेळी दुकान बदललं होतं, त्यामुळे पाणी घातलंय याची खात्रीच. बायकोसमोर त्या दुकानदाराचा उद्धार करून झाला. मग जुन्या डब्याच्या तळाला चार चमचे स्पिरिट सापडलं. काचेच्या दोन तुकड्यांवर जुन्या-नव्या स्पिरिटातल्या लाखेचा एकेक हात दिला. दोन्ही पांढरे. तिसरा तुकडा 100 वॅटच्या पिवळ्या बल्बखाली चांगला शेकला, बल्ब बंद केला आणि नव्याच स्पिरिटातल्या लाखेचा हात मारला. हा वाळला तो मधासारखा स्वच्छ.

दुकानदार सुटला, गुन्हेगार हवा. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार पडतो, ओल्या हवेतलं पाणी तिथंच धरतं आणि लाखेच्या थरात अडकतं. बाहेर आठ दिवस ऊन नाही, राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांच्या इशारा पातळीकडे निघालेली, आणि हा शहाणा पॉलिश करतोय. ओळखीच्या पॉलिशवाल्या मिस्त्रींना फोन केला तर म्हणाले, “साहेब, दसऱ्यापतूर थांबा की वो!”

थांबतो कसला. आतली फळी शेकवली, पिळून घेतलेल्या बोळ्यानं नुसत्या स्पिरिटचा हलका हात फिरवला. साय विरघळली, सागाच्या रेषा पुन्हा वर आल्या. त्या पाच मिनिटांसाठी अख्खा रविवार माफ. त्याच जोरात दाराकडे वळलो आणि तिथं फसलो: स्टेनही स्पिरिटचाच, बोळ्याबरोबर तोही निघाला. दाराच्या मुठीच्या वर तळहाताएवढा पिवळा चट्टा.

चट्ट्यावर पुन्हा स्टेन लावला तर कडा दिसतात. तेलातला स्टेन आणावा, असं इथपर्यंत लिहिताना ठरलं होतं. पण आई मघाशी चट्ट्यावर बोट ठेवून म्हणाली, “हाच रंग चांगला आहे की रे.” आणि खरंच, जुन्या वाड्याच्या तुळईचं सागवान, त्याला अक्रोड कशाला बनवायचं? अक्रोड-शिसमाची नक्कल करायची खोड बाजारच्या फर्निचरनं लावली आपल्याला. म्हणजे आता सगळा स्टेन उतरवायचा. 120चा पॉलिश पेपर, मग 220. खिळ्यांचे काळे डाग मात्र उघडे पडतील. पडू देत.

दार माळ्याखाली आडवं टाकलंय, दोन बल्ब लावून. हात देताना बल्ब बंदच. स्पिरिटची वाफ आणि तापलेला बल्ब यांची गाठ नको. वरची फळी अजून पांढरीच आहे, तिला उद्या हात घालतो.