कागदाला कागद

आपल्या शाळेच्या अमृतमहोत्सवाचं निमंत्रण हातात पडलं ते ऐन मार्चमध्ये, हळदीचे सौदे भरात असताना. सौद्याच्या पट्ट्या, म्हणजे हिशेबाच्या चिठ्ठ्या, तशाच बाजूला सारल्या आणि दोनदा वाचलं. स्मरणिकेसाठी शाळेविषयी चार ओळी द्या, असं समितीने कळवलंय. शाळेविषयी म्हणून लिहायला बसलो आणि सरच डोळ्यांपुढे आले. सर म्हणजे कोण, हे आपल्या शाळेत शिकलेल्या माणसाला सांगायला नको. पांढरा शर्ट, खिशाला एक निळं आणि एक लाल पेन, आणि प्रयोगशाळेत काचेच्या पेटीतल्या तुलेपाशी उभं राहून "वजनाला बोट लावायचं नाही, चिमटा घ्या" हे दरवर्षी त्याच आवाजात सांगणं. इतर गुरुजनांविषयी माझे वर्गमित्र लिहितीलच. मी सरांविषयीच लिहिणार आहे, आणि तेही वर्गातल्या नव्हे, आमच्या दुकानातल्या दहा मिनिटांविषयी.

१९८२ सालचा पावसाळा. मी नववीत होतो. सांगलीच्या गावभागात आमचं किराण्याचं छोटं दुकान होतं. शाळा सुटली की आण्णा, म्हणजे माझे वडील, मार्केट यार्डातून येईपर्यंत गल्ल्यावर मी बसायचो. त्या दिवशी पावसाची मोठी सर आली आणि सर सायकल फळीला टेकवून आत शिरले. मी ताडकन उठून उभा राहिलो. "बस रे, पाव किलो हळद दे," म्हणाले. तेव्हा पाकिटं कुठली? डब्यातून पूड काढायची, वर्तमानपत्राचा कागद पारड्यात पसरायचा, त्यावर हळद घालायची, काटा मधोमध आला की तोच कागद गुंडाळून दोऱ्याने पुडी बांधायची. मी झटपट तोलून दिलं. हात चांगला बसला होता, आणि सरांना तो दिसावा असंही वाटत होतं.

सरांनी पुडी हातात घेतली आणि सहज विचारलं, "कागद कुठल्या पारड्यात होता?"

"हळदीच्या."

"मग तेवढाच कागद वजनाच्या पारड्यात टाकायचा की."

मला वाटलं, रागावले. म्हणालो, "सर, अजून थोडी घालतो."

"नको, नको. माझं काय जातंय रे त्यात? तीन-चार ग्रॅम. पण आता ते माझ्या लक्षात आलंय. उद्या आण्णांनी अगदी काटेकोर मोजून दिलं, तरी मी मनातल्या मनात चार ग्रॅम वजा करणार. ते तुम्हाला दिसणारही नाही."

एवढंच. मग नदीला पाणी किती चढलंय, हरिपूरच्या रस्त्याने जाता येतं का, हे विचारलं, पैसे दिले आणि पाऊस ओसरल्यावर गेले. धंद्याचं काही सांगावं असं त्यांच्या मनातही नसेल. पाऊस थांबेपर्यंत काहीतरी बोलायचं म्हणून ते बोलले होते.

रात्री वहीत हिशेब मांडला. पुडीला ४ ग्रॅम, १०० पुड्यांना ४०० ग्रॅम. म्हणजे शंभर पुड्यांमागे दीड पुडीहून जास्त हळद आम्ही न देताच विकत होतो. साखर, रवा, शेंगदाणे यांचं वेगळंच. आण्णांना वही दाखवली. त्यांनी हिशेब पाहिला, कोणी सांगितलं ते विचारलं आणि जेवायला बसले. दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो तर वजनाच्या पारड्यात कागदाची घडी ठेवलेली होती. आठवड्याभरातच पलीकडच्या गल्लीतल्या आजींनी विचारलं, "आता कागदाला कागद लावताय व्हय?" लोक बोलत नव्हते, पण बघत होते.

सरांच्या बोलण्याची दुसरी बाजू मला दहा वर्षांनी कळली. आण्णांच्या मागे मी किराणा बंद करून हळदीत उतरलो होतो. बाहेरगावच्या एका व्यापाऱ्याला पहिल्यांदाच ४० पोती पाठवली. पट्टी आली तेव्हा बारदानापोटी, म्हणजे रिकाम्या पोत्याच्या वजनापोटी, पोत्यामागे २ किलो कापले होते. रिकामं पोतं एक किलोच्या आसपास भरायचं, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. ४० किलो हळद गेली. भांडलो नाही. पुढेही त्याला माल देत राहिलो, पण भाव सांगताना ते जादा कापलेलं वजन धरूनच सांगायचो. असं दोन-तीन वर्षं चाललं. एकदा फोनवर भाव सांगून झाला आणि एकदम सर आठवले. मनातल्या मनात वजा करणारा आता मी होतो.

आज कुपवाड एमआयडीसीत माझा हळद दळण्याचा आणि पॅकिंगचा कारखाना आहे. ३५ माणसं काम करतात. पाकिटावर निव्वळ वजन छापायचं आणि त्यात पिशवी धरायची नाही, हा तर कायदाच आहे. पण कायद्यापलीकडे आमचा एक रिवाज आहे. छपाईचा नवा रोल लागला की १०० रिकाम्या पिशव्या एकदम काट्यावर ठेवायच्या, सरासरी काढायची, फळ्यावर लिहायची आणि मगच मशीन सुरू करायचं. पिशवीचं वजन रोलागणिक थोडं बदलतं. २०० ग्रॅमच्या पाकिटात आम्ही चिमूटभर जास्तच भरतो, कारण उन्हाळ्यात दुकानात पडून पूड थोडी सुकते. नवीन पोरं विचारतात, एवढं कशाला? त्यांना मी सरांची पुडी सांगतो.

२०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा सरांकडे पेढे घेऊन जायला हवं होतं. पण त्याआधीच ते गेले होते. निवृत्तीनंतर रस्त्यात दोन-चारदा भेट झाली; "कसं चाललंय?", "बरं चाललंय", यापुढे मी कधी गेलो नाही. त्या पावसातल्या दहा मिनिटांवर माझा सगळा धंदा उभा आहे, हे मी त्यांना सांगितलंच नाही. याची खंत फार आहे. प्रामाणिकपणात मी त्यांच्या पासंगालाही पुरणार नाही, पण माझ्याकडून जे काही नीट झालं, ते त्यांचंच आहे.

बदललंही खूप. सरांनी ज्या हरिपूरच्या रस्त्याची चौकशी केली, तिथली हळदीची पेवं, म्हणजे जमिनीखालची कोठारं, २००५ च्या महापुरात बुडाली आणि बरीचशी कायमची गेली. वर अरुंद तोंड, खाली रुंद पोट, आणि वर्षानुवर्षं कीड न लागता राहिलेली हळद! पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही, आधी हवा जाऊ द्यायची, हे आण्णांनी मला हाताला धरून दाखवलं होतं. आता शीतगृहं आहेत. दुकानातली तागडी गेली, इलेक्ट्रॉनिक काटा आला. एक बटण दाबलं की भांड्याचं वजन आपोआप वजा होतं. चांगलंच आहे ते. पण पासंग म्हणजे तागडीची दोन्ही पारडी सारखी करायला लावायचं वजन, हे माझ्या नातीला चित्र काढून सांगावं लागलं. शाळेची कौलारू इमारतही गेली असं ऐकतो.

समारंभाला मी सकाळीच येईन. नातीला बरोबर आणणार आहे. प्रयोगशाळेतली ती काचेची पेटी नव्या इमारतीत आणली असेल, तर कृपया कपाटाची किल्ली काढून ठेवावी. चिमटा हरवला असला तर मी आणतो.