रफ वही

परवा दुपारी एका मित्राने चाळीस पोर्टफोलिओंच्या लिंका पाठवल्या. त्याला टीममध्ये एक ज्युनिअर डिझायनर घ्यायचाय, बघून बघून त्याचं डोकं बधिर झालं होतं, म्हणाला तू जरा नजर टाक, वेगळे वाटतील तेवढेच सांग. मी म्हटलं त्यात काय, अर्ध्या तासाचं काम. अकराव्या लिंकेला मला कळेना की हा मी आत्ताच बघितला की दुसराच आहे.

काम वाईट नव्हतं हो कुणाचंच. उलट भयंकर नीटनेटकं. वर मोठ्या अक्षरात 'हाय, मी अमुक', खाली तिरका ठेवलेला मोबाईल, त्याची मऊ सावली, मागे जांभळट रंग. मग प्रॉब्लेम स्टेटमेंट. मग पर्सोना, म्हणजे ॲप वापरणारी एक काल्पनिक व्यक्ती, वय २८, नोकरी करते, फार बिझी असते, वेळच मिळत नाही (ही २८ वर्षांची बाई मला त्या दुपारी इतक्यांदा भेटली, आणि बिचारीला कुणीच वेळ काढून दिला नव्हता). मग भिंतीवरच्या स्टिकी नोट्सचा फोटो, त्यातली एक नोट वाचता येईल तर शपथ. आणि मग तो डबल डायमंड, ब्रिटनच्या डिझाइन काउन्सिलने २००४ साली आणलेली आकृती, शेजारी शेजारी दोन हिरे, आधी विचार पसरायचा मग आवळायचा, परत पसरायचा परत आवळायचा. वाईट नाहीये ती, पण सगळ्यांकडे जशीच्या तशी दिसली की वाटतं काम आधी झालं आणि हिरे नंतर जडवले.

तिरक्या मोबाईलवर माझा जुना राग आहे. असा हवेत तिरका मोबाईल धरतं कोण? तसंच त्या स्किलच्या पट्ट्या, फोटोशॉप ८५ टक्के. उरलेले १५ टक्के नेमके कुठले, हे मला एकदा कुणालातरी विचारायचंच आहे. आणि मॉकअपमधल्या, म्हणजे नमुन्याच्या स्क्रीनवरच्या, माणसांची नावं कशी सगळी आखूड, एकाचंही आडनाव चौकटीबाहेर सांडत नाही, खऱ्या जगात पहिल्याच दिवशी सांडतं.

सत्ताविसाव्या का अठ्ठाविसाव्या लिंकेला थांबले. साधं पांढरं पान, तीनच प्रोजेक्ट. एक होता लायब्ररीच्या पुस्तकांची मुदत वाढवायच्या ॲपचा. सुरुवातीलाच फोटो, एक आजोबा हात पूर्ण लांब करून, हनुवटी वर करून, नाकाच्या शेंड्यावर आलेल्या चष्म्यातून मोबाईल बघतायत. खाली लिहिलेलं, 'आजोबांना बटण सापडलं नाही. मला वाटलं त्यांना ॲप कळत नाहीये. मग मी तोच फोन हात लांब करून धरला.' बस. आणि त्याखाली ती आधीची चुकलेली स्क्रीन, तशीच ठेवलेली, पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं, अक्षर आणि मागचा रंग यांच्यातला काँट्रास्ट ४.५ ला १ तरी लागतो तिथे जेमतेम २. नवीन स्क्रीन दिसायला काही ग्रेट नव्हती खरं तर. पण मी ते पान तीनदा बघितलं.

आणि एकदम शाळेतलं सायन्सचं जर्नल आठवलं. आमच्याकडे एक जर्नल असायचं आणि एक रफ वही, आणि मी जर्नलवर जीव टाकायचे. पहिल्या पानावर वळणदार अक्षरात नाव, समासाला दोन रंगांची नक्षी, आकृत्यांना टोकदार पेन्सिलीने शेडिंग, संध्याकाळच्या संध्याकाळ त्यात जायची. तोंडी परीक्षेला सर आले, जर्नल हातात घेतलं, पहिलं पान उलटलंसुद्धा नीट नाही, मधलं कुठलंतरी बघितलं, मिटलं आणि म्हणाले रफ वही आणलीयेस? माझ्या पोटात गोळा. रफ वहीत काय नव्हतं! चुकलेले भागाकार, स्वतःची सही सहा प्रकारे, मैत्रिणीशी लिहून केलेलं भांडण, आणि लंबकाच्या प्रयोगाचं एक रीडिंग तीनदा खोडून चौथ्यांदा लिहिलेलं. जर्नलमध्ये अर्थातच फक्त चौथं होतं. सर त्या खाडाखोडीवर थांबले, पहिले तीन का खोडले विचारलं. मी सांगितलं की मी दोरीच मोजत होते, गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजायचं हे नंतर लक्षात आलं. सर म्हणाले, 'हं.' आणि वही परत दिली. तो हं चांगला होता का वाईट, मला अजून माहीत नाही.

लंडनच्या भुयारी रेल्वेचा नकाशा काढणारा हॅरी बेक, सिग्नलच्या कामातला साधा ड्राफ्ट्समन, त्याने १९३१ मध्ये सगळ्या वेड्यावाकड्या लाइनी उभ्या, आडव्या आणि ४५ अंशात बसवून टाकल्या. आधी साहेबांनी नको म्हटलं, मग १९३३ ला छापला तर लोकांनी हातोहात उचलला. त्याचं ते पहिलं रेखाटन आता व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे, पेन्सिल आणि रंगीत शाई, चौकटीच्या वहीत. म्हणजे रफ वहीच की! डिझायनर मिल्टन ग्लेसरचं 'आय लव्ह न्यूयॉर्क'च्या लोगोमधलं ते लाल बदाम पण १९७६ मध्ये टॅक्सीत बसून पाकिटावर मेणखडूने खरडलेलं, तो चिटोरा न्यूयॉर्कच्या मोमा म्युझियममध्ये. आपण मात्र असले चिटोरे आधी फेकतो आणि मग जांभळी बॅकग्राउंड शोधत बसतो.

मित्राला एकच लिंक पाठवली. त्याचा लगेच फोन, 'अगं हा? हा तर मी आधीच काढून टाकला होता, फिनिशिंग किती कच्चं आहे त्याचं.' मी म्हटलं तेच तर. तो म्हणाला काय तेच तर? मला काही धड सांगता आलं नाही, म्हटलं आजोबांचा फोटो बघ परत.

मग जोशात स्वतःचा पोर्टफोलिओ उघडला, तीन वर्षं हात लावला नव्हता. ठरवलं आपणही कच्चं काम टाकायचं. तर कच्चं काही शिल्लकच नाही. मधे लॅपटॉप बदलले, फायनल तेवढं जपून नेलं, बाकी सगळं डिलीट. शोधून शोधून व्हाइटबोर्डचा एक फोटो सापडला, माझा अख्खा फ्लो, म्हणजे कुठल्या स्क्रीननंतर कुठली, आणि त्यावर सहकाऱ्याच्या अक्षरात 'पण हे लोक करतील का?' (नव्हतं केलं लोकांनी.) तो टाकला. मग वाटलं क्लायंटने बघितलं तर, म्हणून काढला. परत टाकला. परत काढला.

आणि तेव्हा लक्षात आलं की माझ्याही पहिल्या पानावर मोबाईल तिरकाच आहे. सावलीसकट. सरळ करून बघितला तर ते पान एकदम उघडंबोडकं वाटायला लागलं, मग परत थोडा तिरका केला. अगदी थोडासाच.