नळाची गुरगुर आणि काळवीट

आवडता प्राणी कोणता असं कुणी विचारलं तर मी वाघ-बिघ सांगत नाही, सरळ काळवीट सांगतो. सोलापूरकराला वाघ कुठला आलाय. बार्शी रोडनं वीसेक किलोमीटर गेलं की नान्नज, माळढोकासाठी केलेलं अभयारण्य, १९७९ सालचं. माळढोक दिसायला आता नशीबच लागतं, मला तर एकदाही दिसला नाही, काळविटं मात्र हटकून दिसतात.

परवा रविवारी मित्राच्या गाडीवर गेलो होतो. वाळक्या गवतात कळप निवांत चरत होता, माद्या फिकट तपकिरी, त्यात एकच नर, पाठ काळीकुट्ट, पोट पांढरंफेक आणि शिंगं म्हणजे दोघांनी दोन टोकं धरून ओली चादर पिळावी तशी. मित्रानं गाडी स्टँडला लावली, खट्ट, एवढाच आवाज. एक मादी जागेवरनंच उडाली, चारी पाय हवेत, मग दुसरी, मग तिसरी, आणि बघता बघता सगळा कळप धुळीत गायब.

"काय बे, आपण काय खाणार होतो काय त्यांना?" मित्र म्हणाला.

आता गंमत बघा, काळवीट ताशी ८० किलोमीटरपर्यंत पळू शकतं. आणि इथं त्याच्या मागं लागणार कोण तर लांडगा, नाहीतर गावची कुत्री, त्यांच्यासाठी एवढा वेग कशाला पाहिजे? तो चित्त्यापायी आला असं जाणकार मानतात. आणि चित्ता तर देशातून संपला म्हणून १९५२ लाच सरकारनं जाहीर करून टाकलं. २०२२ ला परत आणले ते पार तिकडं मध्य प्रदेशात, कुनोला. नान्नजच्या हरणांना त्याचा काय पत्ता, पण पळणं काय सुटत नाही.

मला हसू आलं, कारण आमच्या घरात दुसरं काय चालतं? लहानपणापासून नळाला पाणी चार-पाच दिवसाआड, ते पण रात्री एकला येणार का पहाटे चारला, काय भरोसा नाही. नळ आधी नुसती हवा सोडतो, गुर्र गुर्र, मग खोकल्यासारखं दोनदा पाणी थुंकतो, मग धार. त्या पहिल्या गुर्रला आख्खी गल्ली जागी व्हायची. एकीनं "पाणी आलं गंऽऽ" ओरडायचा अवकाश, की घागरी, पाइप, मोटारी, आणि कुणाच्या मोटारीनं कुणाचं पाणी ओढलं यावरून भांडणं. अगदी त्या कळपासारखं, एकीनं उडी मारली की सगळे सुटले.

आता बोअर मारलंय, गच्चीवर हजार लिटरची टाकी आहे. दुसऱ्या कशाला म्हणाल तर मी अलार्म तीनदा बंद करून झोपणारा माणूस. पण परवा रात्री तीनला नळ गुरगुरला आणि मी अंधारात मोरीकडं धावलो, उंबऱ्याला करंगळी अशी ठेचली की डोळ्यांत पाणी. बघतो तर बॅरल काठोकाठ भरलेलं.

मग काय, ते शिळं पाणी अंगणात ओतलं आणि परत भरायला लावलं. आतनं बायको म्हणाली, "भरलंवतं की ओ ते!"

मला माहीत होतं. तोवर दुसरी बादली लावली होती.