झुंबर सोडून बोला

शिवाजी पेठेतला एक जुना वाडा दुरुस्त होऊन विकायला निघालाय, आणि घ्यायची ऐपत नसलेली निम्मी पेठ तो बघून आलीय. त्यात मीही. फुकट बघायला मिळतंय म्हटल्यावर कोल्हापूरकर मागं राहील होय? सोबत आत्तीला नेलं. वाड्यात वाढलेलं आमच्या घरात आता तेवढंच माणूस उरलंय.

एजंटाला सगळं तोंडपाठ. दिंडी दरवाजा, चौक, सोपा, माडी. माजघराचं ‘मास्टर बेडरूम’ झालंय, धान्य साठवायच्या बळदाच्या जागी कपड्यांची कपाटं आलीत आणि परड्यातल्या न्हाणीत टब बसलाय. सोप्यात भलंमोठं झुंबर. त्याखाली तो सगळ्यात जास्त वेळ थांबला. आत्तीनं मान वर केली नाही. तिनं भिंतीला तळहात लावला आणि म्हणाली, “चुना हाय. घोटलाय बी चांगला.”

मला विचाराल तर वाड्याची निम्मी किंमत त्या तळहाताखाली होती. जुन्या दगडमातीच्या भिंतीला हौसेनं सिमेंटचा गिलावा करणारे गावोगावी आहेत. सिमेंट ओल आत कोंडून धरतं, मग पोपडे सुटतात आणि भिंतीत गेलेली तुळयांची टोकं कुजायला लागतात. चुना ओल बाहेर सोडतो. पण तो भिजवून मुरवायचा, दगडी चाकाच्या घाणीत मळायचा, त्यात गुळाचं आणि हिरड्याचं पाणी घालायचं, एवढा दम कुणाला आहे? गूळ आमचाच, तरी तो भिंतीतही जातो म्हटलं की घरातली पोरं हसतात. एजंट चुन्याबद्दल अवाक्षर बोलला नाही. बरोबरच आहे, चुना फोटोत दिसत नाही.

माडीवर एक तुळई बघितली. तिचं कुजलेलं टोक कापून नवं सागवान जोडलंय. खाचेत खाच बसवून वर लाकडी खुंट्या ठोकल्यात. नवं लाकूड पिवळसर, जुनं धुरानं काळं पडलेलं. आणि पॉलिश मारून हा फरक लपवलेला नाही. ज्या सुतारानं हे केलं त्याला टब बसवणाऱ्यापेक्षा जास्त मजुरी मिळाली असेल अशी आशा आहे. खात्री नाही.

वाडा दाखवतात मात्र दिवाळीनंतर, कोरड्या उन्हात. खरं तर बघावा तो आषाढात. कौलांच्या पन्हळीतून चौकात धो धो पाणी पडतंय, ते मोरीतून निघून जातंय की सोप्यात शिरतंय, हे तेव्हाच कळतं. शिवाय कोल्हापुरात घर पूररेषेच्या आत की बाहेर, हे स्थळ बघताना मंगळ विचारावा तसं आधी विचारतात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. २०१९ला आणि २०२१ला नदी तिच्या कितीतरी वर गेली होती. “आपला वाडा चढावर हाय,” एजंट म्हणाला. हे बाकी खरं.

जाहिरातीत ‘शांत, सांस्कृतिक परिसर’ लिहिलंय. शांत! फुटबॉलच्या हंगामात किंवा गणपतीत एकदा येऊन राहा म्हणावं. सांस्कृतिक म्हणाल तर एकदम कबूल.

गिऱ्हाइकं अडतात ती वेगळ्याच गोष्टीवर. बोळातून चारचाकी आत येत नाही. एवढा वाडा घेणाऱ्याकडं गाडी असणारच, आणि ती घरातून दिसायला पाहिजे. “तालमीजवळ लावा की,” एजंट म्हणाला, “पोरं असतात, बघतील.” आख्ख्या व्यवहारात मला भावली ती ही एकच सोय, आणि ती विकायला नव्हती.

शेवटी त्यानं आकडा सांगितला. मी वाडा घेणारा असल्यासारखी गंभीर मान हलवली. आत्तीनं विचारलं, “कागदं?”

“एकदम क्लिअर, मावशी. प्रॉपर्टी कार्डावर भावांची नावं हाईत, सगळ्यांच्या सह्या तयार.”

“आणि भणींच्या?”

२००५च्या कायद्यानंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलींचा वाटा मुलांइतकाच, हे एजंटाला माहीत नसेल असं नाही. आत्तीला तर चांगलंच माहीत. आमचा वाडा त्याआधीच विकला होता.

“दोघी हाईत,” तो म्हणाला. “हक्कसोडपत्र देतील की. भावाला कोण न्हाई म्हणतंय?”

“विचारलंयस का त्यास्नी?”

त्यानं खिशातून फोन काढला आणि मालकाला लावत बोळात गेला.